बचावाचा कागद

२००३ च्या जून महिन्यात महाराष्ट्रातल्या एका गावाबाहेरच्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जण मारले गेले, बलात्कार झाला, आणि जबर जखमी झालेली एक स्त्री वाचली. भटक्या जमातीतल्या सहा पुरुषांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून सोडले. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेशही दिला. तोवर सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांतला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

खरा गुन्हेगार पुढे आला आणि त्याने कबुली दिली, असे काही घडले नव्हते. वाचलेल्या त्या स्त्रीने तपासाच्या सुरुवातीलाच पोलिसांच्या संग्रहातले फोटो पाहून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांवर खटलाच भरला गेला नाही. ही एक बाब सर्वोच्च न्यायालयाच्या शेवटच्या निकालात निर्णायक ठरली. शिवाय जन्मठेपेऐवजी फाशी झालेल्या तिघांचे म्हणणे २००९ मध्ये ऐकूनच घेतले गेले नव्हते, म्हणून तो निकाल २०१८ मध्ये मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकले गेले होते.

फौजदारी बचावाबद्दल आपल्या मनात असलेले चित्र सिनेमाने दिलेले आहे. काळा कोट, मोठा आवाज, शेवटच्या क्षणी आलेला साक्षीदार. प्रत्यक्षात हे काम शांत, चिवट आणि कागदाशी बांधलेले असते. वरचे न्यायालय साक्षीदाराचा चेहरा पाहत नाही. खालच्या न्यायालयात जे लिहिले गेले तेवढेच त्याच्यासमोर येते. म्हणून अपिलात काय होणार याचा मोठा भाग पहिल्या रिमांडच्या दिवसापासून ठरत जातो. बचावाचा वकील पहिल्या दिवसापासून हा कागद घडवत असतो. त्याने तो घडवला नाही तर पुढचा कितीही मोठा वकील रिकाम्या पानातून काही काढू शकत नाही.

पहिला दिवस

अटक झाल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. अटकेची कारणे सांगण्याचा हक्कही तिथलाच. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ही कारणे कोणत्याही गुन्ह्यात लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायची आहेत. अटकेच्या क्षणी ते शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी ती त्याच्या हाती पडली पाहिजेत. मराठीशिवाय दुसरे काही न वाचणाऱ्या माणसाच्या हातात इंग्रजी कागद ठेवून सही घेणे आता चालणार नाही.

या पहिल्या हजेरीत वकिलाचे काम दहा मिनिटांचे असते, पण ती दहा मिनिटे फार मोलाची. पोलीस कोठडी कशासाठी हवी, हे पोलिसांच्या अर्जात लिहिलेले असते. हत्यार जप्त करायचे आहे, साथीदार शोधायचे आहेत, कपडे हस्तगत करायचे आहेत. वकील एकेका कारणाला उत्तर देतो: हत्यार तर फिर्यादीतच जप्त दाखवले आहे, मग पुन्हा कशासाठी? आरोपीला मारहाण झाली असेल तर ती त्याच वेळी सांगावी लागते आणि रोजनाम्यात लिहून घ्यावी लागते. वैद्यकीय तपासणी मागावी लागते. दीड वर्षाने साक्षीच्या वेळी 'मला मारून कबूल करायला लावले' असे म्हटले तर न्यायाधीशांचा पहिला प्रश्न असतो, की हे पहिल्या दिवशी का सांगितले नाही. रोजनाम्यातली ती एक ओळ तेव्हा उभी राहते, किंवा तिची उणीव भोवते.

पोलीस कोठडीचा नियम आता बदलला आहे, हेही लक्षात ठेवायला हवे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांचीच, पण ती आता तुकड्यातुकड्याने, गुन्ह्याच्या गंभीरतेनुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत केव्हाही मागता येते. 'पंधरा दिवस संपले, आता पोलिसांकडे जावे लागणार नाही' हा दिलासा त्यामुळे गेला. मला हा बदल चांगला वाटत नाही. न्यायालयीन कोठडीत गेलेल्या माणसाच्या डोक्यावर पोलीस ठाण्याची टांगती तलवार राहिली की तो मोकळेपणाने बोलत नाही, अगदी स्वतःच्या वकिलाशीसुद्धा.

आणि वकीलच नसेल तर? कोठडीतल्या कोणत्याही माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांनाही उत्पन्नाची अट नाही. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत यासाठी पूर्णवेळ वकिलांची कार्यालये उभी राहू लागली. महाराष्ट्रात त्यांना लोक अभिरक्षक कार्यालय म्हणतात. मुख्य, उप आणि सहायक लोक अभिरक्षक तिथे मानधनावर फक्त आरोपींचीच बाजू मांडतात. पूर्वीच्या पद्धतीत यादीवरचा वकील आपली खासगी कामे सांभाळून ही प्रकरणे पाहायचा. पूर्णवेळ कार्यालयात प्रकरण रिमांडपासून अपिलापर्यंत एकाच जागी राहते, हा त्याचा खरा फायदा.

जामीन

१८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना दंडाधिकाऱ्यांनी आणि सुरुवातीला उच्च न्यायालयानेही जामीन नाकारला. मग त्यांच्या वतीने बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे अर्ज केला आणि जामीन मिळवला. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळक पुन्हा राजद्रोहात अडकले. या वेळी जामिनासाठी उभे होते बॅरिस्टर महंमद अली जिना, आणि न्यायासनावर होते तेच दावर. जिनांनी दावरांचाच जुना युक्तिवाद त्यांच्यापुढे मांडला. दावरांनी जामीन नाकारला आणि कारणे सांगण्याचे टाळले. टिळकांनी मग स्वतःच आपली बाजू एकवीस तासांहून अधिक वेळ मांडली. ज्युरीतल्या नऊपैकी सात जणांनी त्यांना दोषी ठरवले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली.

जामीन हा न्यायाधीशाच्या विवेकाचा भाग असतो आणि विवेक माणसागणिक बदलतो. वकिलाचे काम त्या विवेकाला जागा कमी ठेवण्याचे. आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, पुराव्यात ढवळाढवळ करेल का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने कागदावर द्यायची असतात. घराचा पत्ता, मुलांची शाळा, नोकरीचे पत्र, आईचे आजारपणाचे कागद, पूर्वीचा गुन्हा नसल्याची बाब. 'माझा अशील निष्पाप आहे' हे वाक्य जामिनाच्या अर्जात सर्वांत कमी उपयोगाचे असते, कारण त्या टप्प्यावर न्यायालय ते तपासतच नाही.

पण एक जामीन असा आहे, की तिथे विवेकाचा प्रश्नच नाही. ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, गुन्हा कितीही गंभीर असो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ९० दिवस, इतरांना ६०. मोक्का आणि यूएपीए यांसारख्या कायद्यांखाली मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून घेता येते. हा हक्क आपोआप मिळत नाही. मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याच्या आत मागावा लागतो. म्हणून चांगला वकील दिवस मोजतो. पहिल्या रिमांडचा दिवसही मोजायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले. समजा, पहिला रिमांड १ मार्चला झाला आणि मुदत ६० दिवसांची आहे. साठावा दिवस २९ एप्रिल. म्हणजे ३० एप्रिलला सकाळी न्यायालय उघडताच अर्ज हातात हवा, त्यावर वेळ टाकून घ्यायला हवी, आणि जामीनदार तयार हवा. दुपारी दोषारोपपत्र येऊन पडले तरी मग फरक पडत नाही. पण वकील दुपारी तीनला पोचला आणि पोलीस दोनला, तर हक्क गेला. अनेक कैदी वर्षभर आत राहतात आणि त्यांची ही एक सकाळ कोणीच मोजलेली नसते, कारण त्यांना वकीलच उशिरा मिळालेला असतो.

जामीन मंजूर होणे आणि माणूस बाहेर येणे यांत पुन्हा अंतर असते. आदेशात लिहिलेले असते: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा ऐपतदार जामीनदार. मग घरच्यांची धावपळ सुरू होते. जामीनदाराचा सातबारा हवा, आधार आणि रेशन कार्ड हवे, कधी तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला हवा. जामीनदाराने यापूर्वी आणखी कोणासाठी उभे राहिलो का, ते शपथेवर सांगायचे. परप्रांतातून बांधकामावर आलेल्या मजुराला या शहरात सातबारा असलेला कोण भेटणार? १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याच्या प्रकरणात नेमके हेच झाले. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडले आणि बजावले, की स्थानिक जामीनदाराचा असा हट्ट धरता येणार नाही. त्या निकालाला पन्नास वर्षे होत आली. आजही अनेक कोर्टांत 'जामीनदार याच जिल्ह्यातला हवा' हे वाक्य ऐकू येते.

जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत सविस्तर निर्देश दिले. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगाला जायला हवा. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करायचा. हे निर्देश वकिलाला माहीत असले तर एक साधा अर्ज पुरतो.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरात जवळपास ७६ जणांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन मिळायला हवा. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याला एक तृतीयांश काळानंतरच. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही तरतूद लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असले तरी ती मिळत नाही. तरीही चोरी, मारामारी, दारूबंदीच्या गुन्ह्यांत अडकलेल्या हजारो लोकांसाठी ती फार मोठी आहे.

जामिनाचा थेट परिणाम खटल्यावर होतो, आणि ही गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. बाहेर असलेला आरोपी वकिलाच्या कार्यालयात बसून नकाशा काढून दाखवतो, घटनेच्या रात्री आपण कुठे होतो त्याचा साक्षीदार शोधून आणतो, रेल्वेचे तिकीट, पगाराचे पुस्तक शोधतो. आत असलेला आरोपी वकिलाला भेटतो तारखेच्या दिवशी, लॉकअपच्या जाळीतून, मागे पोलीस उभा असताना. बचाव मुळातच तिथे दुबळा होतो.

खटला

दोषारोपपत्र हाती आले की खरे वाचन सुरू होते. फिर्याद, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, मोबाइलचे तपशील. वकील वेळेचा तक्ता मांडतो. फिर्याद किती वाजता नोंदली, पोलीस घटनास्थळी किती वाजता गेले, पंच किती वाजता आले, मृतदेह रुग्णालयात किती वाजता पोचला. पुराव्याने प्रथमदर्शनी काहीच उभे राहत नसेल तर आरोप निश्चित होण्यापूर्वी दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. तो क्वचित मंजूर होतो, म्हणून बरेच वकील करतही नाहीत.

मग साक्षी. सरकारी वकील सरतपास घेतात, नंतर उलटतपास. उलटतपासात आरडाओरडा करून साक्षीदाराला रडवणे म्हणजे कौशल्य, असा समज आहे. मराठी मुलखातल्या कोर्टातला चांगला उलटतपास कसा उमटतो ते पाहा. समजा, साक्षीदाराने कोर्टात सांगितले, की रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात मी आरोपीला ओळखले. पोलिसांना दिलेल्या त्याच्या जबाबात दिव्याचा उल्लेखच नाही. वकील शांतपणे विचारतो, की दिव्याबद्दल पोलिसांना सांगितले होते का. साक्षीदार 'हो' म्हणतो. मग जबाब दाखवून विचारतो, की यात ते का नाही. साक्षीपत्रकात ओळ उमटते: 'दिव्याच्या उजेडात ओळखले असे मी पोलिसांना सांगितले होते. माझ्या जबाबात तसे का लिहिलेले नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.' इथे काम अर्धेच झाले. तपासी अधिकारी साक्षीला येईल तेव्हा त्याच्याकडून वदवून घ्यावे लागते: 'साक्षीदाराने जबाबात दिव्याचा उल्लेख केला नव्हता.' हे दुसरे वाक्य नोंदले गेले नाही तर पहिले वाक्य कायद्याच्या दृष्टीने सिद्ध होत नाही. तपासी अधिकारी बहुतेक वेळा शेवटचा साक्षीदार असतो. मधे दोन-अडीच वर्षे गेलेली असतात, कधी वकील बदललेला असतो. अशी एखादी कडी सुटते आणि अपिलात त्या विसंगतीवर बोलताच येत नाही.

पंचनाम्यांचेही तसेच. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा ठरत नाही. इंग्रजांच्या काळापासूनचा हा नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये कायम आहे. एक अपवाद असा, की आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग वाचता येतो. त्यामुळे आपल्याकडे निवेदन पंचनामा आणि पाठोपाठ जप्ती पंचनामा ही जोडी जवळपास प्रत्येक खुनाच्या खटल्यात येते. वकील पंचाला साध्या गोष्टी विचारतो. तुम्हाला कोणी बोलावले? ठाण्यात गेलात तेव्हा आरोपी कुठे बसला होता? कोणत्या गाडीतून गेलात, पुढे कोण बसले होते? कोयता कुठून काढला, ती जागा उघडी होती की बंद? लाखेचे सील कुठे लावले? लेबलवर तुमची सही आहे का? पंच खरोखर गेला असेल तर सांगतो. ठाण्यात बसूनच सही केली असेल तर तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो. आणि तो खरोखर गेला होता, असे निघाले तर? तर सत्य बाहेर आले, आणि उलटतपासाचे तेही कामच आहे.

सरकारी पक्षाचे साक्षीदार संपले की न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. पुराव्यातली प्रत्येक प्रतिकूल बाब त्याच्यापुढे ठेवून 'याबाबत तुम्हाला काय म्हणायचे आहे?' असे विचारायचे असते. आपल्या कोर्टांत हा टप्पा एका दुपारी उरकला जातो आणि उत्तरे ठरलेली येतात: 'खोटे आहे', 'माहीत नाही'. वर्षानुवर्षे चाललेल्या खटल्यात आरोपीला स्वतःच्या तोंडाने बोलण्याची ही मुख्य जागा, आणि तिची अशी हेळसांड होते. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिलेल्या आणि उच्च न्यायालयाने ती कायम केलेल्या शरद सारडा यांच्या खटल्यात, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी पूर्ण असावी लागते, याचे पाच निकष त्या निकालाने घालून दिले. आजही देशभर ते रोज उद्धृत होतात. त्याच निकालात असेही सांगितले, की जी बाब आरोपीला विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. जागरूक वकील म्हणून आरोपीला त्या दुपारसाठी आधी तयार करतो. शक्य असेल तिथे लेखी म्हणणे देतो.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि वेळ देणे हाही न्यायाचाच भाग आहे. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात आरोप निश्चित झाल्यापासून दोन आठवड्यांत फाशीची शिक्षा झाली होती. आरोपीचा वकील त्याच दिवशी नेमलेला होता. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालवायला लावला. फाशी किंवा जन्मठेपेच्या प्रकरणात नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा आणि तयारीसाठी निदान सात दिवस मिळायला हवेत, असे तिथे ठरले. जलद निकालाची मागणी करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचायला हवे.

अशा माणसाचे वकीलपत्र का घ्यायचे?

मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर हा प्रश्न सगळ्या देशाने विचारला. हल्ल्यात पकडलेल्या कसाबचा वकील म्हणून नेमलेल्या अंजली वाघमारे यांच्या घरासमोर निदर्शने झाली. नंतर एका साक्षीदाराशी असलेल्या त्यांच्या व्यावसायिक संबंधामुळे त्या प्रकरणातून बाहेर झाल्या. मग अब्बास काझमी आणि त्यांच्यानंतर के. पी. पवार यांनी काम पाहिले. उच्च न्यायालयात अमीन सोलकर आणि फरहाना शाह, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन उभे राहिले. कसाबची फाशी कायम झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय सहआरोपींची मात्र पुराव्याअभावी सुटका झाली आणि तीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. बचावाला वकीलच नसता तर या दोघांचे काय झाले असते, याचा विचार करावा. ऑगस्ट २०१२ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक मोलाची गोष्ट केली. दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा हजर केल्याच्या क्षणापासून वकिलाचा हक्क सुरू होतो आणि तो सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे ठरवले. कसाबच्या खटल्यातून निघालेला हा हक्क आज खेड्यातल्या कोंबडी चोरणाऱ्यालाही मिळतो.

बार कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे, की आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल स्वतःचे मत काहीही असो, वकिलाने बचाव करायचा आहे. 'अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये' असे ठराव आजही एखादा भयंकर गुन्हा घडला की गावोगावच्या वकील संघांत होतात. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा आणि संविधानविरोधी ठरवले आहेत. पीडितेच्या बाजूने राग येणे मी समजू शकतो. पण अशा ठरावाने पीडितेचेही नुकसान होते, कारण वकिलाविना झालेली शिक्षा वरच्या न्यायालयात टिकत नाही.

अपील

सत्र न्यायालयाने शिक्षा दिली तर उच्च न्यायालयात साठ दिवसांत अपील करायचे. दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात तीस दिवसांत. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, त्यामुळे ते प्रकरण आपोआप वर जाते. तुरुंगात असलेला माणूस अपिलाचा अर्ज अधीक्षकाकडे देऊ शकतो. अधीक्षकाने तो न्यायालयाकडे पाठवायचा असतो.

यात निकालाची प्रत हा कळीचा मुद्दा. महाराष्ट्रातल्याच माधव होसकोट यांच्या प्रकरणात तीन वर्षांची शिक्षा भोगून झाल्यावर ते सर्वोच्च न्यायालयात आले. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि तुरुंगाकडे त्यांच्या सहीची पोच नव्हती. १९७८ मध्ये न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली, पण पुढच्या प्रत्येक कैद्यासाठी नियम घालून दिला: निकालाची प्रत लगेच, मोफत, पोच घेऊन द्यायची आणि अपिलासाठी वकील हवा असेल तर राज्याने द्यायचा.

अपिलासोबत शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडण्याचा अर्ज जातो. खटल्यात जामिनावर असलेल्या आणि तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झालेल्या माणसाला शिक्षा देणारे न्यायालयच अपिलासाठी वेळ म्हणून सोडू शकते. मोठ्या शिक्षेत उच्च न्यायालयात जावे लागते, आणि अपील ऐकायला वर्षे लागणार असतील तर आत ठेवणे अन्यायाचे आहे, हे तत्त्व १९७७ पासून मान्य आहे. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना यासाठी मुंबईला जावे लागे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून ती पायपीट थांबली. सावंतवाडीच्या आईला मुलाच्या अपिलाच्या तारखेला हजर राहता येणे ही छोटी गोष्ट नाही.

अपिलाच्या वकिलासमोर पेपरबुक येते: साक्षी, पंचनामे, दाखल कागद, निकाल, आणि मराठी साक्षींची इंग्रजी भाषांतरे. अनुभवी वकील भाषांतरावर विसंबत नाही, मूळ मराठी साक्ष काढून वाचतो. 'मी त्याला पाहिले' आणि 'मी त्याला पळताना पाहिले' यांतला फरक भाषांतरात गळून पडू शकतो. मग तो शोधतो: कोणती विसंगती सिद्ध झाली, कोणती बाब आरोपीला विचारलीच नाही, कोणता पंच फितूर झाला, कोणता कागद दोषारोपपत्रात असूनही पुराव्यात आला नाही. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या सहा जणांना शेवटी अशाच वाचनाने वाचवले.

तुमच्या घरातल्या किंवा ओळखीतल्या कोणाला अटक झाली तर चार गोष्टी लगेच करा. अटकेची कारणे लेखी मागा आणि जपून ठेवा. मारहाण झाली असेल तर ती पहिल्याच हजेरीत दंडाधिकाऱ्यांना सांगायला लावा. पहिल्या रिमांडची तारीख लिहून ठेवा आणि तिथून दिवस मोजा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे किंवा लोक अभिरक्षकाचे कार्यालय विचारा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.